उद्यमबागेतल्या ऑफिसचा पहिला सर्व्हर: आधी लाईट, मग वायर, मग मशिन

"त्या पंपाच्या बॉडीचं शेवटचं ड्रॉइंग कुणाच्या मशिनवर आहे?" हा प्रश्न ऑफिसात वरचेवर उठायला लागला, की सर्व्हर घ्यायची वेळ झाली असं समजावं. मी बेळगावात असतो आणि उद्यमबाग, मच्छे, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या लहान ऑफिसांचं नेटवर्क बघतो. फौंड्री, मशिन शॉप, कर सल्लागार, तंबाखूचे व्यापारी असे लोक असतात. धंदा वेगवेगळा, पण गरज तीच: सगळ्यांच्या फायली एका जागी, त्या जागेची रोज नक्कल, आणि कुणी काय उघडायचं याचा बंदोबस्त. पुढं लिहिलंय ते दहा-बारा माणसांच्या ऑफिससाठी. उदाहरण म्हणून उद्यमबागेतलं एखादं मशिन शॉप डोळ्यासमोर ठेवा: पुढं ऑफिस, मागं शेड, आठ कॉम्प्युटर, एक झेरॉक्स-स्कॅनर आणि टॅली.

मालक पहिल्यांदा विचारतात ते "मशिन कुठलं घेऊया?" मशिन सगळ्यात शेवटी घ्यायचं. आपल्याकडं सर्व्हरला त्रास होतो तो लाईटीचा आणि वायरिंगचा, म्हणून सुरुवात तिथून.

लाईट आणि अर्थिंग

शेजारच्या शेडमध्ये मोठी मोटर सुरू झाली की ट्यूब मंद होते, हे उद्यमबागेत सगळ्यांनी पाहिलंय. एप्रिल-मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की हेस्कॉमची लाईट जाते, येते, परत जाते. हे सगळं सर्व्हरच्या पॉवर सप्लायवर येतं. म्हणून मी आधी मल्टिमीटर काढतो. सर्व्हरसाठी जो पॉइंट ठरवलाय तिथं तीन मापं घ्यायची: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन 230 व्होल्टच्या आसपास आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. न्यूट्रल ते अर्थ वीस-तीस व्होल्ट दाखवत असेल तर पुढचं काम थांबवा आणि वायरमनला बोलवा. खानापूरच्या बाजूला जांभ्याची जमीन आहे, ती उन्हाळ्यात कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. त्यात पाणी घालायचं काम कुणाचं, हेही ठरवून घ्या. मीटर हाताळायची सवय नसेल तर ही मापं स्वतः घेऊ नका, वायरमन दोन मिनिटांत घेतो.

मग यूपीएस. साधा एक केव्हीएचा लाईन-इंटरॅक्टिव्ह पुरतो, पण मागं यूएसबीचं पोर्ट असलेलाच घ्या. असल्या यूपीएसमध्ये बहुधा बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या असतात, म्हणजे कागदावर 168 वॉट-तास. मी त्याच्या निम्मेच धरतो. लहान सर्व्हर, स्विच आणि राउटर मिळून 80 वॉट ओढत असतील तर तासभर निघतो. त्यावर प्रिंटर लावू नका. लेझर प्रिंटर गरम होताना एवढा करंट ओढतो की यूपीएस तिथंच बसतो. ऑफिसात आधीपासून इन्व्हर्टर असेल आणि यूपीएस त्याच्या पुढं लावायचा असेल, तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे ना एवढं बघा. स्क्वेअर वेव्हवर बरेच यूपीएस लाईट आलीच नाही असं धरून चालतात आणि बॅटरी संपवतात.

यूएसबी पोर्ट कशाला, तर लाईट फार वेळ गेली तर सर्व्हरनं आपण होऊन नीट बंद व्हावं म्हणून. लिनक्सवर त्यासाठी नेटवर्क यूपीएस टूल्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला सगळे 'नट' म्हणतात. ते बसवलं की काम झालं असं धरू नका. ते चालतं का ते पाहायची एकच रीत आहे. संध्याकाळी सगळ्यांना फायली बंद करायला सांगा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून ओढा. यूपीएस बीप करायला लागेल. नटच्या नोंदीत 'बॅटरीवर' असं दिसायला हवं. मग चहा घ्या, पण प्लग परत लावू नका. बॅटरी उतरत आली की कुणीही हात न लावता सर्व्हरचा पंखा थांबला पाहिजे, आणि त्यानंतर थोड्या वेळानं यूपीएसनंही आपलं आउटपुट तोडलं पाहिजे. हा दुसरा भाग बरेच जण विसरतात. यूपीएसनं आउटपुट तोडलंच नाही आणि तेवढ्यात लाईट आली, तर सर्व्हरच्या दृष्टीनं वीज गेलेलीच नसते, म्हणून तो बंदच राहतो आणि सकाळी ऑफिस अडून बसतं. आता प्लग लावा. बायोसमध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगांत, 'वीज आल्यावर चालू हो' ही सेटिंग लावलेली असेल तर सर्व्हर स्वतःच उठतो. ही परीक्षा पास झाल्याशिवाय मी त्या मशिनवर ऑफिसची एकही फाईल ठेवत नाही.

वायर

कॅट-सिक्स वायर, आतून पूर्ण तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्तात मिळते. तिची एक तार ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरं चमकलं तर परत करा. एका तुकड्याची लांबी 100 मीटरच्या आत ठेवा. क्रिम्प करताना, म्हणजे वायरीला प्लग बसवताना, दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी वायर बहुधा चालते, पण वेग 100 मेगाबिटवर घसरतो आणि "सर्व्हर स्लो आहे" अशी तक्रार सुरू होते. ओळखायला सोपं आहे: एक जीबीची फाईल कॉपी करून बघा. दहा सेकंदांच्या आसपास गेली तर वायर ठीक, दीड मिनिट लागलं तर कुठंतरी जोडी तुटलेली आहे किंवा मधला स्विच जुना आहे.

पुढचं ऑफिस आणि मागची शेड वेगवेगळ्या इमारतींत असतील तर त्यांच्यामधून तांब्याची वायर नेऊ नका. फायबर टाका. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. वळवात जवळपास वीज पडली की तो झटका तांब्यावरून थेट स्विचमध्ये येतो. खानापूर भागातल्या एका गोदामात अशाच दोन खोल्यांमधल्या वायरीनं स्विच आणि तीन कॉम्प्युटरची पोर्टं एका दुपारीत गेलेली मी पाहिलीत. फायबरमधून प्रकाश जातो, करंट जात नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची वायर जोडणारे डबे, लावले की झालं. वेल्डिंग आणि इंडक्शन फर्नेस जवळ असतील तर त्यांच्या त्रासातूनही हाच उपाय सोडवतो.

सर्व्हर वायरीवरच ठेवा, वायफायवर नको. पाहुण्यांना आणि मोबाइलला वायफाय वेगळं द्या.

पत्ते

राउटर आणताना त्याचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) बहुतेक 192.168.0.1 किंवा 192.168.1.1 असतो. तो बदला. मालकांच्या टिळकवाडीतल्या घरचा राउटरही त्याच पत्त्याचा असणार, आणि उद्या घरून ऑफिसला जोडायचं म्हटलं की दोन्हीकडं एकच पत्ते झाल्यानं कॉम्प्युटरला वाट सापडत नाही. मी 192.168.40 ची मालिका घेतो. शेवटचा आकडा: राउटर 1, सर्व्हर 10, प्रिंटर आणि स्कॅनर 20 पासून, बाकी कॉम्प्युटरांना राउटर 100 ते 199 मधला कुठलाही देऊ दे. सर्व्हरचा पत्ता कधीच बदलता कामा नये. हे पत्ते कागदावर लिहून राउटरच्या डब्यावर चिकटवा.

मशिन

आता मशिन. फायली ठेवायला फार ताकद लागत नाही. चार कोअरचा प्रोसेसर, 8 जीबी रॅम, सिस्टीमसाठी एक छोटी एसएसडी आणि फायलींसाठी दोन सारख्या हार्ड डिस्क, एकमेकींच्या आरशात, म्हणजे रेड-वन. एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. पण आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. फाईल पुसली तर ती दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. डिस्क गेल्याचं कळायलाही हवं, म्हणून बिघाडाचा ईमेल जाईल अशी सोय पहिल्याच दिवशी करा. नाहीतर एक डिस्क मेलेली असते आणि दुसरी जाईपर्यंत कुणालाच पत्ता नसतो.

मशिन शेडमध्ये ठेवू नका. मशिनिंगची बारीक धातूची धूळ करंट वाहून नेते. ऑफिसातच, जमिनीपासून तीन-चार फूट वर, भिंतीला लोखंडी कपाट मारून ठेवा आणि समोर जाळीचा फिल्टर लावा. निपाणीला तंबाखूच्या वखारीजवळची ऑफिसं असतात, तिथं तो फिल्टर दर महिन्याला धुवावा लागतो.

ऑपरेटिंग सिस्टीम मी डेबियन किंवा उबुंटूची एलटीएस, म्हणजे बरीच वर्षं अपडेट मिळणारी, आवृत्ती घालतो. उबुंटू 24.04 ला 2029 पर्यंत नेहमीचे सुरक्षा अपडेट आहेत. तुमच्याकडं लिनक्स बघणारं कुणीच नसेल तर तयार नॅसचा, म्हणजे नेटवर्कवर फायली ठेवायचा, डबा घ्या, त्यात काही कमीपणा नाही. जुन्या विंडोजच्या मशिनवर फोल्डर शेअर करून त्यालाच सर्व्हर म्हणणं मात्र टाळा. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. आणि साध्या विंडोजला एका वेळी वीसच कनेक्शनं घेता येतात. तेच जुनं मशिन धडधाकट असेल तर त्यावर लिनक्स आरामात चालतं.

टॅलीचं आधीच बोलून घ्या. टॅली विंडोजवर चालते, त्यामुळं लायसन्ससाठी एक विंडोज मशिन राहणारच. डेटा कुठं ठेवायचा ते तुमच्या टॅलीवाल्याला विचारूनच ठरवा.

फोल्डर आणि माणसं

लिनक्सवरच्या फायली विंडोजला दाखवायचं काम सांबा करतो. तो बसवायला एक कमांड लागते. फोल्डर कुठले आणि कुणाचे, हे ठरवायलाच खरा वेळ लागतो, आणि ते मालकांबरोबर बसूनच ठरवायचं. आपल्या मशिन शॉपमध्ये मी असे ठेवीन: ड्रॉइंग, हिशेब, डिस्पॅच, स्कॅन आणि सगळ्यांचं. ड्रॉइंगमध्ये डिझाइनवाल्यांना लिहिता येईल, शेडमधल्या कॉम्प्युटरला फक्त वाचता येईल. शेडमध्ये कुणी चुकून माप बदलून सेव्ह केलं आणि त्यावर पन्नास नग कापले गेले, असं मग होत नाही. हिशेब फक्त अकाउंट्स आणि मालकांना. माणसांना एकेकट्याला परवानगी देत बसू नका. गट करा, गटाला परवानगी द्या, माणूस गटात घाला. फोल्डरवर ग्रुपची खूण, म्हणजे सेट-जीआयडी, लावायला विसरू नका. नाहीतर एकानं बनवलेली फाईल दुसऱ्याला उघडते, पण सेव्ह होत नाही.

प्रत्येकाला आपलं नाव आणि आपला पासवर्ड. "सगळ्यांना उघडं ठेवा की, आपलीच माणसं आहेत" असं मालक म्हणतात. ते आता चालतही नाही. विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती असलेला प्रो कॉम्प्युटर बिनपासवर्डाचं शेअर मुळात उघडतच नाही. एकाच विंडोजवरून एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या नावांनी जोडताही येत नाही. "मल्टिपल कनेक्शन" अशी तक्रार आली की विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधलं (पासवर्ड साठवायच्या जागेतलं) जुनं नाव पुसा आणि लॉगआउट करून परत या.

आणखी एक सेटिंग मी कधी सोडत नाही, ती म्हणजे सांबाचा रिसायकल मॉड्यूल. नेटवर्कवरून पुसलेली फाईल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. हा मॉड्यूल लावला की ती सर्व्हरवरच्या एका लपलेल्या फोल्डरात पडते. एका शॉपमध्ये स्टोअर सांभाळणारे मामा नव्या सर्व्हरला हातच लावेनात. मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझ्या हातनं काय पुसलं गेलं तर ते माझ्यावर येतंय काय?" त्यांच्यासमोरच त्यांच्याकडून एक फाईल पुसवली आणि मिनिटभरात परत आणून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून डिस्पॅचची चलनं तेच टाकायला लागले. लोकांनी सर्व्हर वापरावा असं वाटत असेल तर हे प्रात्यक्षिक पहिल्याच दिवशी करा.

मराठी, कन्नड आणि फायलींची नावं

सीमाभागातल्या ऑफिसात एकाच ग्राहकाची फाईल तीन भाषांत असते. पत्र मराठीत, सरकारी अर्ज कन्नडमध्ये, बिल इंग्रजीत. विंडोजवर फाईलचं नाव 255 अक्षरांपर्यंत चालतं, पण लिनक्सच्या नेहमीच्या फाईल सिस्टीमवर मर्यादा 255 बाइटची आहे. देवनागरी आणि कन्नडचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'क्षे' एवढ्यालाच बारा बाइट लागतात. म्हणजे जास्तीत जास्त 85 चिन्हं. "ग्रामपंचायतीकडून मिळालेलं ना हरकत प्रमाणपत्र..." अशी लांबलचक नावं कॉपी करताना अडतात आणि चूक कशाची ते कळत नाही. नियम करा: आधी तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, मग ग्राहकाचं छोटं नाव, मग काम. तारीख पुढं असली की यादी आपोआप क्रमानं लागते.

नुडी आणि श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या फायली वेगळाच त्रास देतात. त्या युनिकोड नसतात, त्यामुळं फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि लोक म्हणतात सर्व्हरनं फाईल बिघडवली. सर्व्हरवर फॉन्ट घालून उपयोग नाही, ते प्रत्येक कॉम्प्युटरवर लागतात. अशा प्रत्येक महत्त्वाच्या फाईलची पीडीएफ शेजारीच ठेवा. नवं काम युनिकोडमध्येच करा.

स्कॅनर

जुनी झेरॉक्स मशिनं फोल्डरात स्कॅन टाकताना एसएमबी-वन ही जुनी पद्धत वापरतात. सांबामध्ये ती 2019 पासून मुळातच बंद असते आणि बंदच राहू द्या. मे 2017 मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून पसरला होता. मशिनवाला "एसएमबी-वन चालू करा, लगेच होईल" म्हणेल. त्याऐवजी फक्त स्कॅनरच्या पत्त्यासाठी एफटीपी उघडा आणि त्याला फक्त स्कॅन फोल्डरच दिसेल असं बांधा.

बाहेरून जोडणं

राउटरमधून 445 (फाईल शेअरिंगचं) किंवा 3389 (रिमोट डेस्कटॉपचं) हे पोर्ट बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका. पुष्कळ कनेक्शनांवर ते तसंही चालत नाही, कारण एकाच बाहेरच्या पत्त्यामागं शेकडो ग्राहक असतात. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता 100.64 ते 100.127 मधला असेल तर हेच कारण. वायरगार्ड या व्हीपीएनवर (कुलूपबंद जोडणीवर) चालणारं टेलस्केलसारखं काहीतरी घ्या, ते दोन्ही टोकांनी आतून बाहेर जोडतं आणि पोर्ट उघडावाच लागत नाही.

बॅकअप

जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. तुमची फर्म कंपनी कायद्याखाली नोंदलेली असेल तर 2022 च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेणं नियमातच आहे. पण कायदा बाजूला ठेवा. चाळीस वर्षांची ड्रॉइंगं गेली तर ती पुन्हा काढायला ज्यांनी काढली ती माणसंच राहिलेली नसतात.

मी रेस्टिक नावाचं बॅकअपचं सॉफ्टवेअर वापरतो. रात्री अकराला, टॅली सगळीकडं बंद झाल्यावर, तो बदललेल्या फायलींची नक्कल घेतो आणि जुन्या आवृत्त्याही ठेवतो. नक्कल कुलूपबंद असते, त्यामुळं पासवर्ड हरवला तर सगळं गेलं. तो पासवर्ड कागदावर लिहून मालकांच्या तिजोरीत ठेवा. यूएसबीच्या दोन डिस्क घ्या, त्यांवर १ आणि २ असे ठळक आकडे लिहा. एक जोडलेली, दुसरी मालकांच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो जोडलेल्या डिस्कपर्यंतही पोचू शकतो, घरातल्या डिस्कपर्यंत पोचत नाही. निपाणीला किंवा चिकोडीला शाखा असेल तर तिसरी नक्कल तिकडं पाठवा.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक फाईल बॅकअपमधून काढून उघडून बघा. फाईल कुठली ते मालकांनी सांगायचं, बॅकअप घेणाऱ्यानं नाही. टॅलीचा महिन्यापूर्वीचा डेटा वेगळ्या फोल्डरात काढून तो उघडतो का, शिल्लक जुळते का, हेही अकाउंट्स बघणाऱ्या अक्कांकडून तपासून घ्या. हिशेब त्यांचा, ओळखतील त्याच.

हलवाहलव

सगळ्यांच्या फायली एकाच दिवशी हलवू नका. आधी डिस्पॅच, कारण त्यातली फाईल अडली तरी कागदी चलन असतं. आठवड्यानं ड्रॉइंग, शेवटी हिशेब, तोही महिनाअखेर आणि रिटर्नची तारीख टाळून. प्रत्येक कॉम्प्युटरवरच्या जुन्या फोल्डरचं नाव बदलून पुढं 'जुनं' लावा आणि ते फक्त वाचता येईल असं करा, म्हणजे सवयीनं कुणी तिथं सेव्ह करणार नाही. एकच ड्रॉइंग तीन मशिनांवर तीन तारखांचं सापडेल. त्यातलं खरं कुठलं हे डिझाइनवाल्यांनी ठरवायचं, आपण नवीन तारखेचं म्हणून उचलायचं नाही. उरलेली 'तपासायचं' नावाच्या फोल्डरात टाका.

सर्व्हर बंद-चालू करायची रीत, पत्त्यांची यादी आणि कुणाला फोन करायचा, हे एका वहीत मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून कपाटाच्या दाराला आतून अडकवा. रात्रपाळीचा सुपरवायझर कन्नडच वाचणारा असू शकतो. बॅकअपच्या दोन्ही डिस्कांवरून एकेकदा फायली परत काढून झाल्या, आणि एक पूर्ण जीएसटी रिटर्न नव्या जागेवरून भरून झालं, की मग त्या 'जुनं' फोल्डरांना हात लावायचा.